पाचशे रुपयांची मास्तरीण

काही कामे माणूस अंगावर घेतो आणि काही अंगावर पडतात. राष्ट्रीय सेवा योजना माझ्या अंगावर पडली. आमच्या महाविद्यालयात बरीच वर्षे हे काम पाहणारे भूगोलाचे प्राध्यापक निवृत्त झाले आणि प्राचार्यांनी मला बोलावून घेतले. "सर, तुम्ही मराठीचे. तुम्हाला वेळ असतो," ते म्हणाले. मराठीच्या माणसाला वेळ असतो ही समजूत सर्व शाखांत सारखीच पसरलेली आहे. तिचे खंडन करायला मला आजवर वेळ मिळालेला नाही.

ही योजना १९६९ साली, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, ३७ विद्यापीठांत सुरू झाली. मुलांच्या छातीवर कोणार्कच्या रथाचे चाक लागते आणि त्यांनी वर्षाला १२० तास सेवा करावी अशी अपेक्षा असते. बहुतेक ठिकाणी हे चाक रस्ते झाडणे, रोपे लावणे आणि फेरी काढून घोषणा देणे या तीन आऱ्यांवर फिरत असते. मी ठरवले, आपण काहीतरी वेगळे करू. महाविद्यालयापासून दहा मिनिटांच्या चालीवर महापालिकेची एक शाळा आहे. तिथल्या तिसरी-चौथीतल्या ज्या मुलांना वाचता येत नाही त्यांना आमच्या विद्यार्थ्यांनी आठवड्यातून तीन दिवस वाचायला शिकवावे, असा प्रस्ताव मी मांडला. हीच शाळा का, ते मात्र प्रस्तावात लिहिले नाही. १९८७ ते १९९४ अशी सात वर्षे मी त्याच शाळेत होतो.

वडील गिरणीत होते. म्हणजे १९८२ च्या जानेवारीत संप सुरू झाला तोवर होते. त्यानंतर ते काय काय होते त्याची यादी मोठी आहे. आमच्या चाळीतल्या सगळ्याच मुलांची शाळा ती होती. 'म्युन्सिपाल्टीची शाळा' म्हणताना कुणाचा आवाज खाली येत नसे, कारण दुसरी कुठली शाळा असते हेच आम्हांला ठाऊक नव्हते.

तीस वर्षांनी मी त्या जिन्याने वर गेलो. तेव्हा सबंध इमारत मराठी होती. आता तळमजल्यावर इंग्रजी, पहिल्यावर हिंदी, आणि दुसऱ्या मजल्यावर जिन्याच्या डाव्या हाताला तीन खोल्यांत मराठी. मुंबई महापालिका मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, तमिळ, तेलुगू, कन्नड आणि इंग्रजी अशा आठ भाषांतून शाळा चालवते, तेव्हा एका इमारतीत तीन भाषा नांदल्या तर नवल नाही. पण त्या तीन खोल्या पाहून मला जे वाटले ते इथे लिहीत नाही. माझी मुलगी खासगी इंग्रजी शाळेत जाते. दिवाळी अंकातून मराठीसाठी डोळे पुसण्याचा हक्क मी तिच्या पहिलीच्या फीबरोबरच भरून टाकला आहे.

मुख्याध्यापिका बाईंनी चहा मागवला आणि माझा कागद न वाचताच बाजूला ठेवला.

"किती दिवस येणार?" त्यांनी विचारले.

मी योजनेचे उद्दिष्ट सांगू लागलो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि पुन्हा विचारले, "ते झालं, सर. पण किती दिवस?"

मग कपाटातून त्यांनी एक लांबट रजिस्टर काढले. शाळेत कोणती संस्था कोणत्या तारखेपासून आली, याची ती नोंद होती. कुणी विज्ञानाची पेटी देऊन गेले होते, कुणी टॅब, कुणी ग्रंथालयाचे कपाट. त्या कपाटाची किल्ली संस्थेच्या ज्या मुलीकडे होती तिने नोकरी सोडली, म्हणून पुस्तके काचेतून दिसत. ठराविक आकाराच्या पुढच्या कंपन्यांना नफ्यातले दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करायला लावणारी तरतूद २०१४ च्या एप्रिलपासून लागू झाली. तेव्हापासून बाईंच्या व्हरांड्याच्या भिंतींना बरे दिवस आले होते. एका शनिवारी पन्नास माणसे एकाच रंगाचे टीशर्ट घालून आली, भिंतीवर जिराफ काढून गेली आणि जिराफाच्या पायाशी आपले नाव लिहून गेली. पुढच्या वर्षी दुसरी पन्नास आली. त्यांनी जिराफावर हत्ती काढला.

"येताना सगळे नारळ फोडून येतात," बाई म्हणाल्या. "जाताना कुणी सांगून जात नाही. म्हणून या रजिस्टरात 'पासून' असा रकाना आहे. 'पर्यंत'चा रकाना मी नंतर पेनने आखला."

बाईंच्या बोलण्यात कडवटपणा नव्हता. त्यांना फक्त अनुभव होता.

पहिल्या आठवड्यातच माझी फजिती झाली. आमची मुले उत्साहाने गोष्टी वाचून दाखवत, अभिनय करत, वर्ग हसून लोळत असे. पण गोष्ट संपल्यावर पुस्तक मुलांच्या हातात दिले की सगळे शांत. तिसरीतला एक मुलगा, खांद्याशी उसवलेला शर्ट घातलेला, मागच्या बाकावरून हसणाऱ्यांत सर्वांत पुढे असे. मी त्याच्यापुढे पान धरले. त्याने माझ्याकडे पाहिले, पानाकडे पाहिले, आणि ऐकलेली गोष्ट बोट फिरवत घडाघडा म्हणून दाखवली. बोट तिसऱ्या ओळीवर आणि गोष्ट संपलेली! नऊ वर्षांच्या मुलाने निरक्षरता लपवण्यासाठी केवढी बुद्धी खर्च केली होती. मी एम. ए.ला भाषाविज्ञान शिकलो आहे. 'स्वन' आणि 'स्वनिम' यांतला भेद मी झोपेतही सांगेन. पण 'क'ला वेलांटी दिली की 'कि' कसे होते ते त्या मुलाला कसे शिकवायचे, हे मला येत नव्हते.

हे ज्या व्यक्तीला येत होते ती माझ्या घरातलीच होती, आणि तिच्याकडे जायला मला चार दिवस लागले.

ताई माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. १९९६ साली ती बारावी झाली आणि घरच्या ओढगस्तीत तिचे शिक्षण तिथेच थांबले. काही वर्षे तिने साड्यांना फॉल लावले. मग २००१ मध्ये एके दिवशी ती सांगत आली की आपल्या शाळेत ती 'बालसखी' होणार. 'प्रथम' ही संस्था १९९५ मध्ये मुंबईत सुरू झाली आणि महापालिकेच्या शाळांतून काम करू लागली. तिचीच ही कल्पना. वस्तीतलीच शिकलेली मुलगी घ्यायची, थोडे दिवस तिला तयार करायचे आणि वर्गात मागे पडलेली पंधरा-वीस मुले दिवसातले दोन तास तिच्या हवाली करायची. खोली असेल तर खोलीत, नसेल तर व्हरांड्यात. मानधन महिन्याला पाचशे-साडेसातशे रुपये. ताईला पाचशे मिळत.

मी त्या वेळी बी. ए.ला होतो, कवितेच्या नादात होतो आणि स्वतःविषयी माझे मत फार चांगले होते. मित्रांत बहिणीचा विषय निघाला की मी 'ती शिक्षिका आहे' म्हणे आणि घरी तिला 'पाचशे रुपयांची मास्तरीण' म्हणून चिडवी. ती हसे. माझ्या एम. ए.च्या परीक्षेची फी तिने त्याच पैशांतून भरली, तेव्हाही ती हसलीच होती.

पुढे या बालसख्यांची कीर्ती फार दूर गेली. २००१ ते २००३ या काळात मुंबई आणि बडोदा इथल्या शाळांतून त्यांच्या कामाची मोजणी झाली. मोजणाऱ्यांत अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो होते. पुढे २०१९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल ज्या तिघांना मिळाले, त्यांतले हे दोघे. २००७ मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. बालसखी असलेल्या शाळांतली मुले चाचण्यांत स्पष्टपणे पुढे गेली होती, आणि फायदा झाला तो मुख्यतः तिच्या हाताखाली बसलेल्या, सर्वांत मागच्या मुलांना. ती बाहेर गेल्यामुळे वर्गातली गर्दी कमी झाली, पण आत उरलेल्या मुलांना त्याने काही मिळाले नाही. अभ्यासाच्या शेवटी आणखी एक गोष्ट आहे. कार्यक्रम संपून वर्ष गेल्यावर पुन्हा चाचणी घेतली, तेव्हा दुसऱ्या वर्षअखेर दिसलेल्या फायद्यापैकी साधारण एक तृतीयांशच शिल्लक होता.

हे सगळे मी ताईला वाचून दाखवले, तेव्हा ती कोथिंबीर निवडत होती. नोबेलवर ती काही बोलली नाही. शेवटच्या वाक्यावर मान हलवून म्हणाली, "मग? आम्ही गेल्यावर त्यांना कोण बसवणार होतं?"

आणि तिने मला शिकवायला घेतले. पहिले म्हणजे इयत्ता विसरायची. तिसरी-चौथी हे हजेरीपटावर. आपल्यापुढे अक्षरवाले, शब्दवाले आणि वाक्यवाले एवढीच तीन मुले. बाराखडीचा तक्ता भिंतीवर उंच नको, जमिनीवर, मुलांच्या गुडघ्यांशी. मुलाने म्हटलेला शब्द आपण लिहायचा, आपला शब्द त्याला द्यायचा नाही. "तू 'कमळ' देशील," ती म्हणाली. "त्या पोराने कमळ कुठे बघितलंय? त्याला विचार, तो 'कटिंग' म्हणेल. 'कटिंग' लिही. क, टि, अनुस्वार, ग. सगळं आहे त्यात." माझ्या शुद्धलेखनाच्या पोटात गोळा आला, पण उसवलेल्या शर्टाच्या मुलाने पुढच्या आठवड्यात पहिला शब्द वाचला तो 'कटिंग'च.

ही कल्पना ताईची नव्हती आणि एकट्या 'प्रथम'चीही नव्हती. या शहरात असे लोक आधीही होते आणि नंतरही आले. बांधकामांवरची आणि फुटपाथवरची मुले शाळेत येत नाहीत, तर शाळाच त्यांच्या दारी न्यावी म्हणून 'डोअर स्टेप स्कूल' १९८८ मध्येच सुरू झाले होते. दहा वर्षांनी त्यांनी बसमध्येच वर्ग भरवला. २००३ मध्ये ग्लोब मिल पॅसेजच्या महापालिका शाळेत 'मुक्तांगण' सुरू झाले. त्यांनी आसपासच्या वस्तीतल्या बायकांनाच शिक्षिका म्हणून घडवले. गिरणीच्या नावाच्या गल्लीत गिरणगावातल्या बायका शिक्षिका झाल्या, हे मला त्या शहरी थाटाच्या 'भागीदारी' या शब्दापेक्षा जास्त समजते. महापालिका मुलांना दप्तर, गणवेश, बूट, वह्या धरून २७ वस्तू देत आली आहे, दुपारी जेवण देते. पण अठ्ठाविसावी वस्तू, म्हणजे मुलाशेजारी रोज बसणारे माणूस, निविदा काढून मिळत नाही.

डिसेंबरपर्यंत गाडी रुळावर होती. शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत बाईंनी मला बोलावले. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने या समितीत तीन चतुर्थांश पालक असावे लागतात आणि निम्म्या बायका. प्रत्यक्षात सभा सकाळी अकराला, आणि पालक त्या वेळी कुणाच्या तरी घरची भांडी घासत असतात. त्या दिवशी चार बायका आल्या होत्या. त्यांत उसवलेल्या शर्टाची आईही होती. मी छोटेसे भाषण केले. तिने संपेपर्यंत वाट पाहिली आणि विचारले, "सर, जानेवारीनंतरबी येणार ना? मागच्या वर्षीचे लोक संक्रांतीनंतर आलेच न्हाईत."

"म्हणजे काय! आम्ही शेजारीच आहोत," मी म्हणालो. अगदी सहज म्हणालो.

जानेवारीत आमच्या महाविद्यालयाची तपासणी करायला बाहेरून समिती येणार होती. हा प्रसंग मुलीला बघायला येतात तशापैकी असतो. सगळ्या फायली नव्या कव्हरात गेल्या, कुंड्या आल्या, आणि राष्ट्रीय सेवा योजनेच्या शंभर मुलांना स्वागतगीत, नृत्य आणि प्रदर्शन यांच्या तालमींना जुंपले. प्रदर्शनात आमच्या वाचनवर्गाची मोठी रंगीत छायाचित्रे होती. ती लावण्यासाठी वाचनवर्ग पाच आठवडे बंद होता, यातला विनोद तेव्हा माझ्या लक्षात आला नाही. मी मुख्याध्यापिका बाईंना कळवलेसुद्धा नाही. रोज 'उद्या फोन करू' म्हणत राहिलो. एक मुलगी तालमींना सारखी दांडी मारत होती. शाळेच्या मागच्या गल्लीत राहणारी, बारावीची, मुळात अबोल. तिला मी सर्वांसमोर झापले. "समाजसेवेत शिस्त पहिली," असे काहीतरी मी म्हणालो. ती खाली मान घालून उभी राहिली.

समिती आली, जेवली, खूश होऊन गेली. फेब्रुवारीच्या मध्यावर मी शाळेचा जिना चढलो. बाईंच्या टेबलावर ते रजिस्टर होते. उघडून बघायचे धैर्य झाले नाही, पण बाईंनीच उघडून दाखवले. आमच्या नावापुढचा 'पर्यंत'चा रकाना कोरा होता.

"मी भरणार होते," त्या म्हणाल्या. "पण तुमची एक मुलगी येत होती. म्हटलं, मग संपलं असं कसं लिहू?"

ती अबोल मुलगी. पाच आठवडे, आठवड्यातले तीन दिवस, व्हरांड्याच्या टोकाला जिराफावरच्या हत्तीखाली ती तक्ता पसरून बसत होती. एकटीच्याने तिला वीस मुले झेपत नव्हती, म्हणून तिने गल्लीतली सात धरून ठेवली होती. संध्याकाळी त्यांनाच घराच्या पायरीवर बसवी. मी बोलावले तेव्हा ती भ्यायलेली आली. "मला कळवायचं नाही का?" मी विचारले. "सर, तुम्ही शिस्तीचं बोलत होतात," ती म्हणाली. पुढे बोलण्यात कळले की ती याच शाळेची, आणि दुसरीत असताना कुणीतरी तिलाही असेच व्हरांड्यात बसवून वाचायला शिकवले होते. कोण ते तिला आठवत नव्हते. ताईचे वर्ग त्याच्या किती तरी आधी संपले होते, तेव्हा ती ताई नव्हती. मला ती ताई असायला हवी होती, हे कबूल करतो.

उसवलेल्या शर्टाचा मुलगा त्या सातांत नव्हता. तो पलीकडच्या वस्तीतला. डिसेंबरात तो 'आईने भाकरी केली' इतके वाचू लागला होता. मी त्याच्यापुढे तेच पान धरले. या वेळी त्याने गोष्ट रचून सांगितली नाही, बोटही फिरवले नाही. "मला येत न्हाई," तो म्हणाला आणि खिडकीबाहेर पाहू लागला. पूर्वी तो लपवीत असे. आता त्याला लपवावेसेही वाटत नव्हते. मी महिनाभर रोज गेलो, वेळापत्रक मोडून गेलो. तो येऊन बसे, शब्दांपर्यंत परत आलाही. पण मी पान उलटले की आधी माझ्याकडे बघे. एप्रिलच्या अखेरीस त्याच्या आईने शाळा सोडल्याचा दाखला घेतला. भाडे परवडेना म्हणून ते गावी गेले. दाखल्यावर बाईंनी सही केली तेव्हा मी तिथेच होतो. ती माउली मला काहीच बोलली नाही. 'येते, सर' म्हणाली.

ताईला हे सांगितले. तिने समजूत घातली नाही, बोलही लावला नाही. "माझीपण होती अशी दोन," एवढेच म्हणाली. बावीस-तेवीस वर्षांनी तिला त्या दोघांची नावे ठाऊक होती, आडनावासकट.

जूनमध्ये मी प्रस्ताव नव्याने लिहिला. महाविद्यालयाच्या परीक्षा, सुट्ट्या आणि तपासण्या आल्या तरी वर्ग थांबू नये म्हणून त्यात वस्तीतल्या चार मुलींची नावे घातली. त्यांना मानधन कुठून द्यायचे यावर प्राचार्यांचे आणि माझे अजून चालू आहे. तूर्त माझ्या पगारातून आणि एका सहकाऱ्याच्या सौजन्याने चालते. घरी याची वाच्यता नाही, तरी हा अंक घरात येतोच. मुलींना तयार करायला ताई मंगळवारी आणि शुक्रवारी येते. शाळेच्या फाटकाशी पहिल्या दिवशी ती थोडी थांबली, पदर नीट केला, मग माझ्या पुढे जिना चढली. मुलांनी तिला 'टीचर' म्हटले. आमच्या वेळी 'बाई' असत. तिने ते दुरुस्त केले नाही.

परवा वर्षअखेरची कागदपत्रे पुरी करताना त्या अबोल मुलीची सेवा-डायरी माझ्यापुढे आली. ताईने शेजारी बसून तासांची बेरीज केली, बोटांवर, जुन्या सवयीने. २१४ झाले. डायरीच्या शेवटच्या पानावर एकूण तासांसाठी एकच चौकोन आहे आणि त्यापुढे छापलेले आहे, '१२० पैकी'. मी पेन हातात धरून बसलो. ताई म्हणाली, "लिही की खरं ते. छापणाऱ्याला काय माहीत!"

मी २१४ लिहिले आणि सही केली. परीक्षा विभागातून ती डायरी दोनदा परत आली आहे.